निरंक

मी झोपलेली नाही. नुसते टेबलावर हात आणि हातांवर डोकं ठेवलंय. मधल्या सुट्टीत वर्गात झोपणाऱ्या बायांना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं. बाहेर नळावर पोरं खिचडीच्या ताटल्या विसळतायत, तो खडखडाट मला स्वच्छ ऐकू येतोय. वर पंखा कुरकुरतोय. उजव्या कोपराखाली एक कागद आहे. तो चुरगळू नये म्हणून मी कोपर जरासं उचलून धरलंय आणि त्यापायी खांदा अवघडून गेलाय.

कागद केंद्रप्रमुखांकडून आलाय. 'वाचनात मदतीची गरज असलेल्या विद्यार्थ्यांची यादी.' खाली अनुक्रमांक, नाव, इयत्ता, आणि दहा रिकाम्या ओळी. चारच्या आत भरून, फोटो काढून पाठवायचा. आमची शाळा दोनशिक्षकी. दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक काळेल सर, ते सकाळीच केंद्रावर मीटिंगला गेलेत. जाताना दारात चपला चढवता चढवता म्हणाले, "बाई, निरंक टाका आन् द्या पाठवून." निरंक म्हणजे असं मूल आमच्याकडं एकही नाही. गेली तीन वर्षं आम्ही निरंकच टाकतोय. बाहेरच्या भिंतीवर हिरव्या रंगात लिहूनसुद्धा घेतलंय, शंभर टक्के वाचणारी शाळा.

आणि पहिल्या ओळीत जिचं नाव यायला हवं ती कार्तिकी शेडगे बाहेर नळावर भांडतेय. तिचाच आवाज सगळ्यात मोठा.

कार्तिकी चौथीत आहे. घरच्या दीडशे मेंढरांतलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे लांबून बघून सांगते. पुस्तकातला कुठलाही धडा काढा, ओळीखाली बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवते. स्वल्पविरामाला थांबते, प्रश्न आला की आवाज वर नेते. मागच्या आठवड्यात मी तिला माझ्या हातानं लिहिलेला चार ओळींचा नवा कागद दिला. तिनं त्या कागदावर बोट फिरवत पुस्तकातला पाचवा धडा म्हणून दाखवला. अगदी शेवटापर्यंत. तिच्या रांगेतल्या पोरी माना खाली घालून बसल्या होत्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. खरं बोलायचं तर दिवाळीपासून मलाही माहीत होतं.

परवा तिच्या आईला, राणीला, बोलावून घेतलं. म्हटलं, अशा मुलांचं नाव कळवलं की तालुक्याला तपासणी होते. मग परीक्षेत पेपर वाचून दाखवणारं माणूस मिळतं, वेळ जास्त मिळतो, आणि मुख्य म्हणजे तिला वेगळ्या रीतीनं शिकवता येतं, ती शिकेल. राणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमचं खरं आसंल. पर येकदा येडी म्हनून कागूद झाला म्हंजे त्यो पुसतुया व्हय? उद्या तिला पदरात कोन घेनार?"

"वेडी नाही गं ती. उलट..."

"त्ये तुमाला ठावं. गावाला कोन सांगत बसनार?"

जूनमध्ये कार्तिकी पाचवीला मोठ्या शाळेत जाईल. एका वर्गात साठ पोरं. आज मी निरंक टाकलं तर तिकडं कुणाला काही कळणार नाही, आणि तीही कळू देणार नाही. हे सगळं मला कळतंय. तरी पेनाचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. आता चौथ्यांदा काढून ठेवलंय आणि डोकं टेकवलंय. झोपलेली मात्र नाही. ताटल्यांचा आवाज लांब जातोय. पंख्याची कुरकुर कधी थांबली ते लक्षात आलं नाही.

"वैजे, पानी हाय का गं?"

पहिल्या रांगेत सतरंजीवर शालनआक्का बसलीय. माझी सख्खी थोरली बहीण. तिला जाऊन चैत्रात तीन वर्षं होतील. मांडी घालून, पदर खोचून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मेलेलं माणूस समोर बघून दचकायला हवं, पण माझ्या मनात पहिलं येतं ते असं, की हिला खुर्ची द्यायला पाहिजे, हिचे गुडघे दुखतात.

"आक्का, खाली कशाला बसलीस? गुडघं..."

"त्ये आता कुठलं दुखत्यात?" ती म्हणते. "काय लिवतीस?"

"काही नाही. सरकारी कागद."

"वाचून दाव की."

"नंतर."

"नंतर," आक्का म्हणते आणि हसते. ते हसू मला नको असतं. मी उठते. फळा पुसायचाय, पोरं आत येतील, हिला इथं बघतील, चार वाजत आले असतील. मी डस्टर घ्यायला वळते तर फळ्याच्या जागी आमच्या घरातली कणगी आहे. धान्याची, माझ्या डोक्याच्याही वर जाणारी, शेणानं सारवलेली. मी आपसूक तिच्यामागं जाऊन उकिडवी बसते. जागा तिथं अजून तेवढीच आहे.

तुम्हाला सांगायला हवं. आमचे वडील, आबा, ग्रामपंचायतीत शिपाई होते. जुनी वर्तमानपत्रं घरी आणायचे आणि दिवेलागणीआधी आक्काला वाचायला बसवायचे. स्वतः भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. माझी शालन पेपर वाचते, हे त्यांनी चावडीवर इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्यांना टाळायचे. आणि आक्काला वाचता यायचं नाही. अक्षरं तिच्यापुढं उभीच राहायची नाहीत. म्हणून दुपारी मी तिला बातमी तीनदा वाचून दाखवायची. तेवढ्यात तिची पाठ व्हायची. संध्याकाळी ती बोट फिरवत म्हणायची, आणि अडलीच तर मी कणगीमागून हळूच शब्द पुरवायचा. मी आठ वर्षांची, ती बाराची. जगाला कसं बनवतोय याची कोण मजा वाटायची आम्हाला.

सातवीत तिची शाळा सुटली. गुरुजी म्हणाले, पोरगी कामाला वाघ आहे पण डोकं नाही. पुढं सासरी गेल्यावर तिनं एक बिननंबरचा चष्मा घेतला, तो फक्त घरी विसरण्यासाठी. दवाखान्यात, बँकेत, पोराच्या शाळेत, जिथं तिथं, "आगं बया, चष्मा घरीच राह्यला बगा. तेवडं वाचून सांगता का?" मी त्यावर पोट धरून हसलेली आहे. तिच्या तोंडावर.

आता कणगीच्या पलीकडं आक्का वाचतेय. आवाज बारा वर्षांचा आहे. मध्येच ती थांबते. अडली. मी शब्द द्यायला हवा. तिच्या खांद्यावरून मी पेपरात बघते.

अक्षरं ओळीत थांबत नाहीत. एकावर नजर रोवावी तर शेजारचं सरकतं. मात्रा एका अक्षरावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतात. सगळी ओळखीची वाटतात आणि एकाचंही नाव आठवत नाही.

"वैजे, सांग की," आक्का दबक्या आवाजात म्हणते.

"लागत नाही गं."

"नीट बग."

"नीटच बघतेय!"

मी डोळे चोळत बाहेर येते तर दहिवडीचा स्टँड आहे. गर्दी, धूळ, शेंगदाणेवाला. फलाटाला गाड्या लागल्यात. मला कागद घेऊन चारच्या आत पोचायचंय, कुठं ते मला पक्कं माहीत आहे, पण गाड्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत. पांढऱ्यावर काळं काहीतरी आहे एवढंच दिसतं. मी एका गाडीजवळ जाते, परत फिरते, दुसरीकडं जाते. एक गाडी सुटते. तीच माझी असेल. धोतरातल्या एका म्हाताऱ्याला विचारते, "ही कुठं जाते हो?"

तो मला खालीवर बघतो. "शिकल्यालं दिसताय की. वाचा पाटी."

"चष्मा घरी राहिला," मी म्हणते.

म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत राहतो. मी हात नाकापाशी नेते. चष्मा जागच्या जागी आहे. कान गरम होतात. आजूबाजूचे चार लोक वळून बघतात. नववारीतली एक बाई दुसरीच्या कानाशी लागते. मला पळून जावंसं वाटतं, पण पळायचं तर कुठल्या गाडीत बसून पळायचं तेही वाचता यायला हवं.

"म्हसवड," मागून कुणीतरी कुजबुजतं. "ह्याच गाडीत चढ."

आक्का आहे. केवढं बरं वाटतं, काय सांगू. पाय हलके होतात. मी ऐटीत गाडीत चढते, जणू पाटी मीच वाचली. आणि पायरीवरच मागं वळून बघते, ही सांगायची थांबली तर? पुढच्या स्टँडवर? त्याच्या पुढच्या? ही सारखी मागं असायला हवी. आक्का सातवीपर्यंत रोज ह्या अशा जिवानं शाळेत जात होती.

आम्ही शेजारी शेजारी बसतो. गाडी चालू आहे की उभी आहे ते कळत नाही. खिडकीबाहेर आमच्या वर्गाची भिंत आहे, तीवर मुळाक्षरांचा तक्ता.

"वैजे," आक्का तक्त्याकडं बघत म्हणते, "मे म्हयना कदी येतुया गं?"

हे ती विचारणार हे मला सतरंजीवर तिला बघितल्यापासूनच माहीत होतं.

ती पस्तिशीची असेल तेव्हा. मी शिक्षिका होऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या घरी गेले होते, ती चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापताच, वर न बघता म्हणाली, "वैजे, मला शिकव की. ल्हान पोरास्नी शिकवतीस तसंच." मी म्हटलं, मे महिन्यात बघू, सुट्टीत. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी उलटली. त्यानंतर ती गेली तोवर अकरा मे महिने आले. एका मेमध्ये मी घर रंगवलं. एकात काश्मीरला जाऊन आले. मला ह्याची लाज वाटते. फिरवून फिरवून सांगण्यात अर्थ नाही, लाज वाटते.

"तू परत विचारलं का नाहीस?" मी तिलाच विचारते. चोराच्या उलट्या बोंबा.

"येकदा इचारायलाच मला इतकी वर्सं लागली."

"रागावली आहेस माझ्यावर?"

"हाय की." ती अगदी सरळ म्हणते. "लई राग हाय. तू हुशार हुतीस, मला शब्द पुरवायचीस. त्यापरास येकदा आबास्नी सांगितलं आसतंस तर."

"तूच गळ्याची शपथ घातली होतीस!"

"मी बारा वर्साची हुते."

"मी आठ!"

"मग आता किती वर्साची हाईस?"

मी पर्स उघडते. पेन शोधते. पर्समध्ये नाही, कानामागं नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला ड्रायव्हरच्या जागी आमच्या घराची भिंत आहे आणि तिला टेकून आबा बसलेत. खाकी सदरा, डोळे मिटलेले.

"वाच, पोरी," आबा म्हणतात.

पेपर माझ्या हातात आहे. मी उभी आहे. गाडीतले सगळे लोक, म्हातारा, ती नववारीतली बाई, शेंगदाणेवाला, सगळे ऐकायला बसलेत. मी आक्काच्या कुजबुजीची वाट बघते. ती शेजारी उभी आहे, पण तोंड मिटून. मागं कणगी नाही. माझं बोट आपोआप ओळीखाली फिरायला लागतं आणि तोंडातून पाचवा धडा येतो, चौथीचा, घडाघडा. स्वल्पविरामाला मी थांबतेसुद्धा. लोक माना डोलावतात. आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. आता हे असंच शेवटापर्यंत न्यायचं, कुणाला कळणार नाही. धडा संपत येतो. धडा संपल्यावर काय म्हणायचं ते मला येत नाही.

मी थांबते.

"आबा, मला वाचता येत नाही."

एवढंच वाक्य. पण ते बाहेर काढताना बाळंतपणासारखी कळ येते. आबा डोळे उघडतात. आता ते मारतील. आता ते चावडीवर काय सांगतील?

"आगं," आबा म्हणतात, "मग मला तरी कुठं येतंय?"

मी त्यांच्याकडं बघत राहते. पेपर त्यांनी कधीच हातात धरला नव्हता. आणायचे काखेत आणि द्यायचे आक्काच्या हातात. गावात नोटिसा वाटायचे, त्या ग्रामसेवक घरांच्या क्रमानं लावून द्यायचे, आणि मधलं एखादं घर बंद असलं की आबा चिडचिड करत सगळा गठ्ठा परत घेऊन यायचे. आम्हाला वाटायचं स्वभाव तापट आहे. मला हसू येतं आणि त्याच वेळी रडू फुटतं.

पण मला जे बघवत नाही ते आक्काचं तोंड. ती आबांच्या पुढ्यात जाऊन बसलीय, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ.

"मग मला का वाचाय लावत हुता, आबा?"

"तुला येत हुतं न्हवं," आबा म्हणतात. "लई ब्येस वाटायचं ऐकाया. म्हटलं, आपल्या घरात कुनाला तरी आलं."

आक्का पुढं वाकते. त्यांच्या पायांवर हात ठेवून नुसती बसून राहते. रोज संध्याकाळी दोघांच्यात हातभर अंतर असायचं. आणि त्या दोघांना एकमेकांपासून लपवायचं काम मी इमानेइतबारे केलं होतं.

मग ती उठते आणि माझं मनगट धरते. पकड घट्ट आहे, भाकऱ्या थापणाऱ्या हाताची.

"त्यो कागूद आन."

"कुठला?"

"नंतर म्हनलीस त्यो. आता माझं नाव घाल त्यात."

"आक्का, ती शाळेतल्या मुलांची यादी आहे. तुझं कसं..."

"घाल म्हनते ना."

"सर काय म्हणतील? आमचं शंभर टक्के..."

"वैजे," आक्का म्हणते, आणि मनगट सोडत नाही, "कुनी लिवलंच न्हाई गं माझं नाव. कुठंच."

"बाई! बाई, घंटा देऊ का?"

दारात कार्तिकी उभी आहे. आज घंटेची पाळी तिची. पंखा कुरकुरतोय. माझा उजवा हात बधिर झालाय, गालावर बांगडीचा वण उमटलाय, पदराच्या टोकाला लाळ लागलीय. म्हणजे झोपले होते. घड्याळात सव्वादोन.

मी सरळ बसते आणि कागदाकडं बघते.

अनुक्रमांक एकसमोर निळ्या शाईत लिहिलंय, शालन.

मीच लिहिलं असणार. पेन माझ्या बोटांत आहे, अंगठ्याला शाई लागलीय, वर्गात दुसरं कुणी नाही. पण अक्षर माझं नाही. आक्काला स्वतःचं नाव तेवढं काढता यायचं, सहीपुरतं. ती आधी वरची रेघ ओढायची, लांबलचक, आणि मग तिला खाली अक्षरं एकेक अडकवायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कागदावरची रेघ नावाच्या पुढं दोन बोटं गेलीय. शेवटची अक्षरं रेघेला टेकलेलीच नाहीत.

मी बोट फिरवून बघते. शाई अजून ओली आहे.

कार्तिकी टेबलापाशी येऊन उभी राहिलीय. कागदाकडं टक लावून बघतेय. "ह्ये काय लिवलंय, बाई?"

चार वर्षांत या पोरीनं मला हा प्रश्न कधी विचारलेला नाही.

"माझ्या बहिणीचं नाव आहे. तिला वाचता यायचं नाही."

"ल्हान हाय?"

"नाही. मोठी होती, माझ्यापेक्षा. लग्न झालं, मुलं झाली, तरी येत नव्हतं. धडे मात्र सगळे पाठ असायचे तिचे."

कार्तिकी चटकन माझ्याकडं बघते आणि नजर काढून घेते. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरते.

"मग तिला कुनी शिकीवलं?"

"कुणीच नाही. मी शिकवायला हवं होतं. नाही शिकवलं."

बाहेर पोरं घंटेची वाट बघत व्हरांड्यात जमा झालीत, कुणीतरी कार्तिकीच्या नावानं ओरडतंय. ती जागची हलत नाही. मग तिनं कागदावर बोट ठेवलं, नेहमी ठेवते तसं, पण फिरवलं नाही. दुसऱ्या ओळीवर नुसतं ठेवून दिलं.

"हितं जागा हाय," ती म्हणते.

मी लिहिते. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, सावकाश, ती बघत असताना. संध्याकाळी राणीकडं जाईन. ती भांडेल. भांडू दे, रोज जाईन. कार्तिकी घंटा द्यायला पळते आणि टोल नेहमीपेक्षा जास्तच देते. वरचं नाव मी खोडत नाही. इयत्तेच्या रकान्यात सातवी लिहिते, फोटो काढते आणि पुन्हा विचार करायच्या आत पाठवून देते.

पाच मिनिटांत काळेल सरांचा फोन येतो.

"बाई, आवो हे काय पाठवलं? निरंक म्हणालो होतो ना मी? आन् ही एक नंबरची शालन कोण? आपल्या शाळेत सातवी कुठली?"

"आपलीच आहे, सर," मी म्हणते. "पटावर नाव घालायचं राहून गेलं होतं."